कालव्याकाठी, नदीकाठी धावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाबाहेर पडून पाण्याच्या काठाने धावू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी नवख्यांचे आहेत, मग हळूहळू अवघड. एक गोष्ट बहुतेक उत्तरांत येईल: ही वाट मुळात कोणी, कशासाठी बांधली हे समजून घ्या. घोड्यांनी नावा ओढायला बांधलेली वाट, कालवा विभागाच्या जीपसाठी केलेला रस्ता आणि नदीने मागे सोडलेला काठ या तीन निराळ्या जागा आहेत. चढ, धोके आणि वाट कुठे संपणार, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

१. मी रस्त्यावर आरामात पाच-सहा किलोमीटर धावतो. पाण्याकाठी धावायला वेगळी तयारी लागते का?

दमाची तयारी वेगळी नाही, डोळ्यांची आहे. रस्त्यावर आपण वाहनांकडे पाहतो, इथे पायाखाली पाहावं लागतं: झाडांची मुळं, नाव बांधायच्या लोखंडी कड्या, ओल्या विटा, खचलेली कड. पहिले दोन-तीन आठवडे नेहमीपेक्षा सावकाश धावा आणि अंतराऐवजी वेळ मोजा. चाळीस मिनिटं धावायचं ठरवलं की वीस मिनिटांनी वळा. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा, कुठे जाताय ते घरी सांगा. नदी-कालव्याकाठी पत्ता नसतो, म्हणून ओलांडलेल्या पुलांची नावं किंवा क्रमांक लक्षात ठेवायची सवय लावा. मदत मागायची वेळ आली तर तोच तुमचा पत्ता.

२. सुरुवात कालव्यापासून करू की नदीपासून?

कालव्यापासून. कालवा माणसाने आखलेला असतो. त्याची रुंदी ठरलेली, पाण्याची पातळी बऱ्यापैकी स्थिर, काठाला बांधलेली वाट आणि ठरावीक अंतरावर पूल. नदीकाठची वाट कधी शेतातून जाते, कधी झाडीत शिरते, कधी पुरात वाहून गेलेली असते. सौंदर्य विचाराल तर माझा कौल नदीला आहे, कारण दर वळणावर ती नवं काही दाखवते. पण नदीवर मनमोकळं धावायला वाट वाचता यावी लागते, आणि ते शिकायला कालवा उत्तम.

३. नकाशावर पाहून चांगला मार्ग कसा ओळखायचा?

आधी उपग्रहचित्र पाहा, रेषांचा नकाशा नंतर. उपग्रहचित्रात वाट झाडांखालून जाते की उघड्यावरून, एका काठाला आहे की दोन्ही, मध्ये शेतं किंवा कुंपण आडवं येतं का, ते दिसतं. मग पूल शोधा. दोन पुलांमध्ये दीड-दोन किलोमीटर अंतर असेल तर नवख्या धावकासाठी ते सोयीचं. पाच-सहा किलोमीटरपर्यंत एकही पूल नसेल, तर मध्ये पाय मुरगळल्यावर कसं परतणार याचा आधीच विचार करा.

दोन्ही काठांना वाट असेल तर एका काठाने जा, पूल ओलांडा आणि दुसऱ्या काठाने या. अंतर तेच, पण परतताना सगळं निराळं दिसतं आणि काही वाटांवर पायांनाही फायदा होतो (कुठे आणि का, ते प्रश्न ५ मध्ये). जिथे उपनदी किंवा ओढा येऊन मिळतो ती जागा नकाशावर खूण करून ठेवा. वाट तिथेच तुटलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

४. पाण्याकाठची वाट अगदी सपाट असते, हे खरं का?

जवळजवळ खरं. सिंचनाच्या कालव्याला पाणी पुढे सरकण्यापुरताच उतार देतात. मोठ्या कालव्यांत तो किलोमीटरला वीस-तीस सेंटिमीटर इतका कमी असू शकतो. पायांना तो कळतही नाही.

नावांच्या कालव्यांचं गणित वेगळं. तिथे पाणी एका पातळीवर थांबवलेलं असतं आणि पातळी बदलायची तर दारांचं लॉक बांधतात: नाव आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं. म्हणून वाट कित्येक किलोमीटर सपाट राहते आणि लॉकपाशी एकदम दोन-तीन मीटर चढते. अमेरिकेतल्या चेसापीक आणि ओहायो कालव्याची वाट २९७ किलोमीटरची आहे, आणि तेवढ्या लांबीत कालवा चढतो जेमतेम १८४ मीटर, तोही ७४ लॉकमध्ये वाटून. उलट इंग्लंडमधल्या केनेट आणि एव्हन कालव्यावर केन हिल इथे २९ लॉक सुमारे सव्वातीन किलोमीटरमध्ये ओळीने येतात आणि कालवा ७२ मीटर चढतो. कालवा म्हणजे सपाटच असं मनात धरून तिथे गेलात तर मांड्या भरून येतील.

म्हणून नकाशावर लॉक मोजा. लॉकची संख्या गुणिले अडीच मीटर असा ढोबळ हिशेब केलात की चढाचा अंदाज येतो.

५. एवढी सपाट वाट असूनही पिंडऱ्या आणि टाचेमागची शीर का दुखते?

सपाट आहे म्हणूनच. चढ-उताराच्या रस्त्यावर पाऊल दर काही मिनिटांनी वेगळं पडतं, भार या स्नायूवरून त्या स्नायूवर जातो. कालव्यावर दहा किलोमीटर एकच पाऊल, एकाच कोनात, एकाच वेगाने पडत राहतं. त्यात सोपं वाटतं म्हणून वेग नकळत वाढतो. शरीराला विसावा मिळत नाही आणि अकिलिस, म्हणजे टाचेमागची तीच शीर, तक्रार करू लागते.

दुसरं कारण वाटेचा तिरपा उतार. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पुष्कळ वाटा एका बाजूला किंचित कललेल्या असतात, बऱ्याचदा पाण्याकडे. एका पायाला तेवढं खाली पडावं लागतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नेहमी एकाच पायाला दुखत असेल तर आधी वाटेचा कल तपासा. त्याच काठाने परत आलात तर कल दुसऱ्या पायाकडे जातो आणि हिशेब बरोबर होतो. दोन काठांच्या फेरीतही कल पाण्याकडेच असेल, तर पाणी दोन्ही वेळा तुमच्या एकाच हाताला राहतं आणि भार त्याच पायावर येतो. अशा वाटेवर फेरी एकदा या दिशेने, पुढच्या वेळी उलट दिशेने करा. कल आळीपाळीने असेल किंवा वाट मधोमध उंच असेल, तर प्रश्न ३ मधली फेरी पायांना जास्त मानवते.

याशिवाय दर दहा-बारा मिनिटांनी अर्धा मिनिट चाला, किंवा पावलांची लय मुद्दाम बदला. दुखणं सकाळी उठल्याबरोबरच्या पहिल्या पावलांत जाणवत असेल तर सपाट धावणं काही दिवस थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

६. बूट कोणते घालू?

कोरड्या, दाबलेल्या खडीच्या वाटेवर रोजचे रस्त्याचे बूट पुरतात. गवत आणि चिखल असेल तर तळव्याला मध्यम खाचा असलेले ट्रेल शूज. फार खोल खाचांचे बूट लॉकपाशी असलेल्या फरशीवर आणि ओल्या विटांवर उलट घसरतात. कोणत्याही बुटाचा शेवाळावर भरवसा धरू नका.

७. आधी प्रवाहाविरुद्ध जावं की प्रवाहाबरोबर?

कालव्यावर काही फरक पडत नाही, तिथे वारा पाहा. उघड्या, सरळ कालव्यावर वाऱ्याला अडवणारं काही नसतं. जाताना वारा समोरून घ्या, येताना पाठीवर. उलट केलंत तर जाताना भलताच हुरूप येतो, आणि घामाने भिजलेल्या अंगावर परतताना समोरचा गार वारा झेलावा लागतो.

डोंगरातल्या नदीवर मात्र आधी वरच्या अंगाला जा. उतार तिथे खरोखर जाणवण्याइतका असतो आणि थकल्यावर तो आपल्या बाजूने असलेला बरा.

८. घड्याळातलं अंतर आणि नकाशावरचं अंतर जुळत नाही. कोणावर विश्वास ठेवू?

तीन कारणं संभवतात. पहिलं, जीपीएस. दाट झाडीखाली, खोल दरीत आणि पुलांखाली सिग्नल उड्या मारतो, बोगद्यात तो जातोच. वळणं जास्त असतील तर घड्याळ कोपरे कापतं आणि अंतर कमी दाखवतं.

दुसरं कारण पाण्याचं स्वतःचं वळण. दोन गावांत सरळ अंतर सहा किलोमीटर असलं तरी नदीकाठाने ते दहा भरू शकतं. नदीची लांबी सरळ अंतराच्या दीडपटीहून जास्त असली की भूगोलात तिला नागमोडी नदी म्हणतात. जुने कालवेही असेच वळतात, कारण लॉक आणि भराव टाळण्यासाठी ते टेकडीच्या एकाच उंचीला धरून आखले होते. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड कालव्याचा उत्तरेकडचा भाग १८३० च्या सुमारास सरळ केला, तेव्हा त्याची लांबी वीसेक किलोमीटरने घटली. धावणाऱ्याला असे जुने वळणदार कालवे जास्त देतात असं माझं मत आहे. पुढचं वळण दिसत नाही, म्हणून मन पुढे ओढलं जातं.

तिसरं कारण, वाट पाण्याला सोडून बाहेर जाते. ते पुढच्या उत्तरात.

घड्याळाशी वाद घालण्यापेक्षा काठावरचे दगड पाहा. नावांकडून अंतराप्रमाणे कर घेत, म्हणून पुष्कळ कालव्यांवर मैलाचे दगड बसवले होते. जिथे ते टिकून आहेत तिथे वेग तपासायला त्यांच्याइतकं भरवशाचं साधन नाही.

९. वाट मध्येच दुसऱ्या काठावर गेली, आणि एके ठिकाणी तर बोगद्याशी संपली. मी चुकलो का?

नाही. दोन्ही गोष्टी घोड्यांच्या काळातल्या आहेत. काही जमीनमालक आपल्या बाजूने वाट काढू देत नसत, किंवा एका काठाला कडा असे, म्हणून वाट काठ बदलायची. नावेचा दोर न सोडता घोड्याला पलीकडे जाता यावं यासाठी खास वळसा घेणारे पूल बांधले. उतरण वळून त्याच पुलाच्या कमानीखालून जाते. इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्ड कालव्यावरचे असे दगडी पूल फार देखणे आहेत. अशा जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर दोर घासून पडलेल्या खोल खाचा दिसतात. क्षणभर थांबून त्यांवरून बोट फिरवा.

बोगदा खोदणं महाग असे, म्हणून पुष्कळ बोगद्यांत वाट ठेवलीच नाही. घोडा टेकडीवरून पलीकडे नेत आणि आत माणसं नावेवर आडवी पडून भिंतींना पायांनी रेटा देत नाव पुढे सरकवत. इंग्लंडमधल्या स्टँडएज बोगद्यात असंच होतं. तो १८११ मध्ये सुरू झाला, सुमारे पाच किलोमीटर लांब आहे आणि आत वाट नाही. तेव्हा बोगद्याशी वाट संपली की घोडा जिथून गेला असेल तिकडे पाहा. टेकडीवर चढणारी पायवाट बहुधा सापडते. हा चढ तुमच्या नियोजनात धरा.

काही बोगद्यांत वाट आहे. चेसापीक आणि ओहायो कालव्यावरचा पॉ पॉ बोगदा साधारण ९५० मीटरचा आहे आणि आतून जाता येतं. पण अंधार खरा असतो, जमीन ओली आणि खडबडीत. तिथे टॉर्च लावून चाला.

१०. सिंचन कालव्याच्या भरावावरचा रस्ता धावायला उत्तम दिसतो. तिथे जायला परवानगी लागते का?

तो रस्ता कालव्याची देखरेख करणाऱ्यांसाठी बांधलेला असतो. काही देशांत आणि काही कालव्यांवर तो लोकांना खुला आहे, काही ठिकाणी पूर्ण बंद, आणि पुष्कळ ठिकाणी कोणी अडवत नाही एवढंच. फलक वाचा. नसेल तर कालवा सांभाळणाऱ्या कार्यालयात किंवा तिथल्या चौकीदाराला विचारा. फाटक बंद असेल तर ओलांडू नका. काठावर काम करणाऱ्या शेतकऱ्यांशी दोन शब्द बोला. कुठे भराव खचला आहे, कुठल्या वस्तीतली कुत्री अंगावर येतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

या कालव्यांचा एक गुण मला फार आवडतो. भरावावरून धावताना आपण आजूबाजूच्या शिवारापेक्षा उंचावर असतो, दोन्हीकडे क्षितिजापर्यंत दिसतं. जिथे कालवा नदीवरून जलसेतूने जातो तिथे तर खाली नदी, वर कालवा. हरिद्वारहून निघणारा गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला, तो रुरकीजवळ सोलानी नदी अशीच ओलांडतो. पण सिंचनाचा कालवा दिसायला शांत असला तरी आत पाणी जोरात वाहत असतं. पुढचं उत्तर त्यासाठी नीट वाचा.

११. पाण्यात पडलो तर काय करायचं? आणि डोळ्यांसमोर दुसरं कोणी पडलं तर?

आधी स्वतःचं. पाणी थंड असेल तर पहिल्या क्षणी श्वास जोरात आत ओढला जातो आणि एक-दोन मिनिटं तो ताब्यात राहत नाही. या वेळात पोहण्याची धडपड केली की पाणी नाकातोंडात जातं. चांगले पोहणारेही इथेच बुडतात. म्हणून पाठीवर व्हा, कान पाण्यात जाऊ द्या, तोंड वर ठेवा, हात-पाय हलके हलवत तरंगा. श्वास सावरला की ओरडा आणि मगच काठाकडे निघा.

नावांच्या जुन्या कालव्यांत पाणी बऱ्याच ठिकाणी छातीएवढंच असतं, तिथे उभं राहून पाहा. पण लॉकच्या आत तसं नसतं. भिंती उंच, पाणी खोल, आणि दारांच्या झडपा उघड्या असतील तर पाण्याला जबर ओढ असते. भिंतीतली शिडी किंवा साखळी शोधा. लॉकच्या दारांवरून उड्या मारत पलीकडे जाणं सोडून द्या. कठडा आणि फळी असेल तरच, तेही चालत.

सिमेंटचं अस्तर केलेल्या सिंचन कालव्याची गोष्ट सर्वांत गंभीर. उतरत्या बाजू शेवाळाने निसरड्या असतात. आत गेलेला माणूस दोन हातांवरचा काठ पाहत राहतो आणि वर येऊ शकत नाही. पुढे सायफन (कालव्याचं पाणी ओढ्याखालून किंवा रस्त्याखालून नेणारी बंद नळी) किंवा दार असेल तर पाणी खाली खेचून नेतं. इथे प्रवाहाविरुद्ध झगडू नका. पाठीवर, पाय पुढे करून वाहत जा आणि पायऱ्या, शिडी, दोर किंवा पुलाचा खांब दिसला की तिरपं त्याच्याकडे सरका. म्हणूनच अशा कालव्यावर धावताना पायऱ्या कुठे आहेत ते बघत जा, आणि भरावाच्या बाहेरच्या कडेने धावा.

आता दुसरं कोणी पडलं तर: उडी मारू नका. वाचवायला गेलेला माणूस बुडाल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात. मदतीला फोन करा किंवा करायला लावा. पडलेल्याला ओरडून सांगा, "पाठीवर हो, तरंग!" त्याच्याकडे काहीही लांबवा किंवा फेका: फांदी, जॅकेट, दोर, बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली. देताना स्वतः पालथे पडा, म्हणजे तोल जाणार नाही. वाहत्या कालव्यात त्याच्या पुढे धावा आणि पुढच्या पायऱ्यांपाशी किंवा पुलापाशी तयार राहा. तुम्ही धावक आहात, तिथे तुमचे पाय उपयोगी पडतील.

१२. पावसाळ्यात नदीकाठची वाट बंद करायची का?

पूर असताना आणि ओसरल्यावर काही दिवस, होय. जोरात वाहणारं पंधरा सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं. वाटेवर पाणी आलं असेल तर खोली कितीही कमी दिसो, खाली वाट उरली आहे की नाही ते तुम्हाला दिसत नाही. वळा.

ऊन पडलं म्हणजे धोका टळला असंही नाही. पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असतो आणि पाणी इथे काही तासांनी पोचतं. वर धरण असेल तर कोरड्या दिवशीही विसर्ग सोडतात. भोंगा ऐकू आला, पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहत येऊ लागली, तर लगेच उंचावर जा.

पुरानंतरचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ पोखरतो. वर गवत जसंच्या तसं आणि खाली पोकळी, अशी कड पावलाच्या धक्क्याने कोसळते. आतल्या अंगाला नदी वाळू आणि गाळ टाकते. तिथे कोसळण्याची भीती कमी, पण ताज्या गाळात पाय घोट्याच्या वर रुततो. तेव्हा बाहेरच्या वळणावर कडेपासून चार-पाच पावलं आत राहा, आतल्या वळणावर कोरडी, भेगाळलेली किंवा गवत उगवलेली जमीन धरा.

१३. पहाटे धुकं असतं. धावावं का?

धुक्यातला कालवा ज्याने पाहिला आहे त्याला नको म्हणणं कठीण आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन थंड होते, जड गार हवा उतारावरून दरीत साचते आणि पाण्यावरचा दमटपणा तिथेच धुक्यात बदलतो. म्हणून वर गावात लख्ख असतं आणि खाली दहा पावलांवरचं दिसत नाही. दरीतली हवाही बरीच गार असते, एक थर जास्त घाला.

ओळखीची वाट असेल, उजाडलेलं असेल आणि पाणी व वाट यांच्यातली कड दिसत असेल तर सावकाश धावा. अंधार आणि धुकं एकत्र असतील तर नको. डोक्यावरच्या टॉर्चचा उजेड धुक्यावरून परतून डोळ्यांत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत राहते. टॉर्च कमरेशी धरला तर थोडं बरं दिसतं. रात्रीच्या धावण्याबद्दल माझं मत ठाम आहे: कठडा नसलेल्या पाण्याकाठी अनोळखी वाटेवर रात्री धावू नये.

१४. पाणी संपलं तर कालव्याचं किंवा नदीचं पिऊ का? पडून खरचटलं तर जखम धुऊ का?

दोन्हींना नाही. शेतांतून येणाऱ्या पाण्यात खतं आणि कीटकनाशकं उतरलेली असतात. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. जखमेचं तर विशेष सांभाळा. उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू खरचटलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने जखम धुवा, झाका. पाण्याशी संबंध आल्यानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी, पिंडऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना "मी कालव्याच्या पाण्यात पडलो होतो" हे आपण होऊन सांगा. एरवी त्यांना तसा संशय येणार नाही.

दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पाणी जवळ असूनही अंग जास्त तापतं. पिण्याचं पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्तच न्या.

१५. वाटेत जनावरं, मासे पकडणारे, सायकलवाले. कोणाशी कसं वागायचं?

सापांना सकाळचं ऊन आणि भरावाची गरम खडी आवडते. उंच गवतात पाय टाकू नका, दिसला तर थांबून त्याला जाऊ द्या. विणीच्या काळात हंस आणि बदकं घरट्यापाशी अंगावर येतात. चाला, नजर न भिडवता लांबून जा. गाय आणि वासराच्या मधून कधीही जाऊ नका. कुत्रं धावून आलं तर धावणं थांबवा. पळणाऱ्याचा पाठलाग करायचा हा त्याचा स्वभाव आहे.

मासे पकडणाऱ्यांचे गळ-दांडे कधी कधी संपूर्ण वाट अडवतील इतके लांब असतात. दुरूनच हाक द्या, ते उचलेपर्यंत थांबा. दांड्यावरून उडी मारू नका. सायकलींसाठी एका कडेने, एका ओळीत धावा. पुलाखालच्या अरुंद, आंधळ्या वळणावर आवाज द्या आणि मान खाली घ्या. जुन्या कमानी बुटक्या असतात. दोन्ही कानांत इअरफोन घालून या वाटांवर धावू नये. घंटी ऐकू येत नाही, आणि पाण्याचा आवाज ऐकायलाच तर आपण इथे आलो आहोत.

१६. मी बाई आहे, एकटी धावते. अशा एकाकी वाटा सुरक्षित आहेत का?

वाटेवर आणि वेळेवर अवलंबून आहे. कालव्याच्या वाटेची एक अडचण मोकळेपणाने सांगते: एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भिंत किंवा झाडी असते, बाहेर पडायची जागा फक्त पुलापाशी. म्हणून पूल जवळजवळ असलेला, नावांवर किंवा शेतांत माणसांचा वावर असलेला भाग निवडा. पहिल्यांदा सोबतीने जा आणि बाहेर पडायच्या जागा पाहून ठेवा. लोकेशन विश्वासाच्या माणसाला पाठवा, पण धावण्याच्या ॲपवर मार्ग लगेच जाहीर करू नका. सुरुवात-शेवट लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. रोजची वेळ बदलती ठेवा. आणि मन नको म्हणालं तर कारण शोधत बसू नका, वळा. तेवढं पुरेसं कारण आहे.

१७. सरळ कालव्यावर कंटाळा येतो. काय करू?

त्याच सरळपणाचा उपयोग करा. एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत जोरात, पुढच्या पुलापर्यंत हळू, अशी फार्टलेकसाठी याहून चांगली जागा नाही. टेम्पो रनलाही (एकाच, जरा जोराच्या वेगाने सलग धावणं) कालवा उत्तम, कारण चढ-उतार नसल्याने वेगातला बदल तुमचाच असतो. लॉकचे छोटे चढ जोरात चढा. तरीही कंटाळा येत असेल तर तुम्हाला नदी हवी आहे.

१८. आयुष्यात एकदा तरी धावावेत असे मार्ग कोणते?

फ्रान्समधला कनाल दु मिदी आधी सांगते. तूलूजपासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. पिएर-पॉल रिके यांनी तो आखला, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १६८१ मध्ये, तो खुला झाला, आणि १९९६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. काठाच्या चिनार जातीच्या झाडांची कमान हे त्याचं वैभव. मात्र २००६ मध्ये त्या झाडांवर बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. नवी लावली आहेत, ती वाढताहेत. उन्हाळ्यात जाणार असाल तर सावलीचे टप्पे पाहून निघा.

स्कॉटलंडचा कॅलिडोनियन कालवा १८२२ मध्ये सुरू झाला. त्याच्या ९७ किलोमीटरांपैकी जेमतेम एक तृतीयांश खोदलेला आहे, बाकी सरोवरं. कालव्याची सपाट वाट आणि सरोवराकाठचे डोंगरी चढ एकाच मार्गात मिळतात. वेल्समध्ये थॉमस टेलफर्ड यांचा पाँटकसिल्टे जलसेतू १८०५ चा आहे, ३०७ मीटर लांब आणि ३८ मीटर उंच. लोखंडी द्रोणातून कालवा दरीवरून जातो. वाटेच्या बाजूला कठडा आहे, पलीकडच्या बाजूला काहीच नाही. तिथे धावू नका, चाला आणि बघा.

नदीचं विचाराल तर जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्नापर्यंतचा डॅन्यूबचा काठ. जुन्या ओढवाटा आता सायकलवाटा झाल्या आहेत. ऑस्ट्रियातल्या श्लोगनपाशी नदी डोंगराने अडवल्यासारखी पूर्ण उलटी वळते. टेम्सची राष्ट्रीय पायवाट उगमापाशी शेतातल्या एका दगडापासून सुरू होते आणि सुमारे ३०० किलोमीटर जाते. तिचा वरचा, ग्रामीण भाग धावायला अधिक सुंदर आहे.

मदेरा या पोर्तुगीज बेटावरच्या लेवाडांबद्दल बरेच जण विचारतात. डोंगराच्या कुशीतून पाणी नेणाऱ्या या पाटांचं जाळं दोन हजार किलोमीटरहून मोठं आहे. देखावा अप्रतिम, पण कित्येक ठिकाणी वाट म्हणजे पाटाची हातभर रुंद कड आणि खाली दरी. तिथे धावण्याचा आग्रह नको.

१९. एका टोकाला सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवायचं आहे. नियोजन कसं करू?

वाहन शेवटच्या टोकाला ठेवा आणि बसने किंवा रेल्वेने सुरुवातीला जा, मग धावत वाहनाकडे या. उलट केलंत तर शेवटची गाडी चुकायची धास्ती पूर्ण अंतरभर राहते. कागदावर पुलांची यादी करा: कुठे रस्ता मिळतो, कुठे पाणी. वाट दुरुस्तीसाठी बंद आहे का ते त्या कालव्याच्या अधिकृत पानावर आदल्या दिवशी पाहा. नावांच्या कालव्यांची मोठी कामं बहुधा हिवाळ्यात काढतात आणि तेव्हा वळसे लांब असतात. अंतराचा हिशेब करताना प्रश्न ८ आणि ९ लक्षात घ्या.

२०. कालव्याला पाणी नाही, तळ कोरडा आहे. तळातून धावलं तर चालेल का?

नाही. सिंचनाचं पाणी आवर्तनाने सुटतं: काही दिवस सोडतात, काही दिवस बंद ठेवतात. पुढचं आवर्तन कधी, हे लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना माहीत असतं, तुम्हाला नसतं. पाणी सोडल्यावर पुढची धार काडी-कचरा ढकलत येते, मागोमाग पातळी चढते, आणि अस्तराच्या निसरड्या बाजू चढून बाहेर पडणं किती अवघड ते प्रश्न ११ मध्ये सांगितलं आहे. कोरडा दिसणारा गाळही वरच्या पापुद्र्याखाली ओला असतो, सायफनच्या तोंडाशी खड्डे असतात. दुरुस्तीसाठी रिकामा केलेला नावांचा कालवाही तसाच: काच, लोखंड, आणि मधे मधे खोल डबकी.

कोरडा कालवा काठावरून पाहा. दारं कशी बसवली आहेत, पायऱ्या कुठे आहेत, सायफन कुठून सुरू होतो, सगळं उघडं असतं. पायऱ्यांच्या जागा नकाशावर टिपून घ्या. पाणी सुटल्यावर त्या दिसणार नाहीत.